आठ इंची फुल रेंजचा आवाज तार षड्जावर चिरतो: कोनला फेव्हिकॉल लावावा का?

पेठेतला श्रोता, पुणे

नमस्कार मंडळी. दोन वर्षांपूर्वी तपकीर गल्लीतून आठ इंची फुल रेंज स्पीकरची जोडी आणली. कागदी कोन, त्याच्या कडेची कापडी पट्टी म्हणजे सराउंड, मधोमध उंच सुरांसाठीचा तो छोटा व्हिझर कोन. सुताराकडून १८ एमएम प्लायचे ४० लिटरचे डबे करून घेतले. उंच सुरांचा वेगळा ट्वीटर नाही, सूर वाटून देणारा क्रॉसओव्हर नाही. बाबांच्या शंभरावर कॅसेटी आहेत, बहुतेक घरच्या बैठकींच्या. त्या मी संगणकावर उतरवल्या आणि त्या ऐकण्यासाठीच हा सगळा खटाटोप केला.

माझी आत्या काळी चारात गायची. मध्य सप्तकात तिचा आवाज या स्पीकरवर इतका जवळचा येतो की ती शेजारच्या खोलीत बसलीय असं वाटतं. पण तार षड्जाला पोचली की आवाजाला चीर जाते. पितळेच्या भांड्याला चमचा लागावा तशी कड येते. पेटीलाही तेच होतं, बासरीला मात्र होत नाही. हेडफोनवर तोच तुकडा स्वच्छ आहे, म्हणजे दोष कॅसेटचा नाही.

फोनवरच्या टोन जनरेटरने सूर हळूहळू चढवत नेला. ३३०० हर्ट्झच्या आसपास एकदम किंचाळल्यासारखं होतं. २८०० ला आणि ४००० ला ठीक. दोन्ही स्पीकरना सारखंच.

दुकानदार म्हणाला, कोनवर फेव्हिकॉलचा हात मारा. एका मित्राने व्हार्निश सुचवलं. हात लावायची भीती वाटते, कारण असा मधला आवाज देणारी जोडी मला परत मिळेलच असं नाही. कोणी स्वतः केलंय का?

ठाणेकर

आधी डबा तपासा. आत कापूस किंवा जुनी रजई भरलीय का? माझ्याकडे असंच घुमत होतं, रजई घातल्यावर बरंच कमी झालं.

कोनवाला, मिरज

रजईने खालचं घुमणं जातं, ठाणेकर. हा प्रकार वेगळा असावा. तरी खात्री करून घ्या: स्पीकर डब्यातून काढा, उशीवर उताणा ठेवा आणि तोच सूर हळू आवाजात वाजवा. किंकाळी तशीच राहिली तर डबा सुटला, दोष कोनाचा.

बाकी निम्मं उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. काळी चारचा मध्य सा साधारण २०८ हर्ट्झ, तार सा ४१५. त्याची आठपट ३३२०. आत्याबाई तार षड्ज लावतात तेव्हा त्यातला आठवा स्वरांश (मूळ सुरासोबत वाजणारा वरचा सूर) नेमका तुमच्या कोनाच्या दुखऱ्या जागेवर पडतो. पेटीत वरचे स्वरांश भरपूर असतात, बासरीत फार थोडे, म्हणून बासरी सुटते.

मी २८ वर्षं स्पीकरचे कोन बदलतोय. खालच्या सुरांना कोन अख्खा एका तुकड्याने पुढेमागे होतो. वर गेलं की व्हॉइस कॉइलकडून (कोन हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळीकडून) निघालेली लाट कागदातून कडेला जाते, सराउंडवर आपटून परत फिरते. काही ठरावीक सुरांना जाणारी आणि येणारी लाट एकमेकींत मिसळते आणि कोन तुकड्यातुकड्यांनी हलायला लागतो. मूळ सूर थांबला तरी ते तुकडे क्षणभर वाजत राहतात. तुम्हाला ऐकू येते ती पितळी कड हीच.

आता लेपाचं. आमच्या मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावणारे कारागीर आणि तबल्याची पुडी भरणारे दोघंही बघायला मिळतात. मला लेप कळला तो तबल्याच्या शाईवरून. नुसत्या चामड्याचे वरचे स्वरांश एकमेकांशी जुळत नाहीत. शाईचं वजन मधोमध बसलं की ते जुळतात. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये आणि पुढे १९३४ मध्ये यावर लिहिलं आहे. पण पुडीवाल्याला विचारा, तो सांगेल की वजन किती यापेक्षा कुठे आणि कसं हे महत्त्वाचं. थरावर थर देऊन दगडाने घोटत नेतात, शाईला बारीक तडे जातात, आणि त्या तड्यांमुळेच खालचं चामडं मोकळं हलतं. अखंड कडक थर बसला तर तबला मुका होईल. आपलं काम उलट आहे, आपल्याला स्वरांश जुळवायचे नसून जिरवायचे आहेत. पण कडक थर नको, हे दोन्हीकडे खरं.

म्हणून व्हार्निश नको. कडक व्हार्निशने कागद ताठ होतो, ३३०० चं शिखर, म्हणजे जिथे आवाज एकदम वाढतो ते, वर सरकतं आणि आणखी टोकदार होतं. दाट फेव्हिकॉलही नको. दुकान नवीन असताना मी एका गिऱ्हाइकाच्या दोन कोनांना न पातळ करता सगळीकडे फासला होता. किंकाळी गेली, पण शब्दांतले ‘स’ आणि ‘श’ही गेले. ते दोन्ही कोन मी माझ्या खर्चाने बदलून दिले. आजही ब्रश हातात घेताना ते आठवतं.

आधी जागा शोधा. ३३०० चा सूर हळू ठेवा आणि मऊ ब्रशच्या टोकाने किंवा बोटाने अलगद टेकवत जा: व्हिझरची कड, डस्ट कॅप (मधली टोपी), मोठ्या कोनाचा मधला भाग, सराउंडलगतचा भाग. जिथे टेकल्यावर किंकाळी बसते ती जागा. माझा अंदाज व्हिझरच्या कडेवर आहे. ती कड मोकळीच असते, तिला धरणारं काही नाही.

व्हिझर निघाला तर लेपाआधी एक करा. फेल्टचे तांदळाच्या दाण्याएवढे तीन तुकडे कापा आणि व्हिझर व मोठा कोन यांच्या फटीत सारख्या अंतरावर अलगद बसवा, गोंद न लावता. आवडलं नाही तर चिमट्याने काढता येतात. एवढ्यानेच काम झालं तर ब्रश उचलूच नका.

राहिलं तर फेव्हिकॉल एक भाग, पाणी दोन भाग. फक्त व्हिझरच्या कडेची तीन-चार मिलिमीटरची पट्टी, एक पातळ हात. ब्रश ओला हवा, टपटपणारा नको. पाणी खाली व्हॉइस कॉइलकडे उतरलं तर खेळ संपला. सराउंडला अजिबात लावू नका. त्या कापडावर बोट फिरवून बघा, बहुतेक वेळा चिकट लागतं. तो कारखान्याचा लेप मुद्दाम कधी पूर्ण वाळत नाही, कारण त्याने लाट गिळायची असते. त्यावर फेव्हिकॉल गेला की तो ताठ होईल.

आणि एकाच स्पीकरला करा. दुसरा जसाच्या तसा ठेवा.

ओहम आणि हेन्री, नाशिक

कोनवाला काकांशी सहमत. वजनाचा हिशेब जोडतो, कारण लोक कोन मनसोक्त रंगवतात आणि मग आवाज बसला म्हणतात. हलणारा सगळा भाग १२ ग्रॅमचा धरा. लेपाचे १.२ ग्रॅम वाढले तर स्पीकर सुमारे ०.८ डेसिबल हळू वाजतो आणि मूळ अनुनाद, म्हणजे ज्या सुराला कोन आपसूक सर्वांत जास्त हलतो तो, ६० हर्ट्झवरून ५७ वर येतो. वाळल्यावर किती उरतं ते बघायला तेवढ्याच क्षेत्रफळाच्या पोस्टकार्डवर तेवढेच हात द्या आणि आधी-नंतर सोनाराच्या काट्यावर वजन करा.

लेप हा घरगुती जुगाड नाही, हेही सांगायला हवं. बीबीसीच्या संशोधन विभागाने बेक्स्ट्रीन प्लास्टिकचे कोन वापरले, तेव्हा त्यांवर वरून लेप द्यावाच लागे. एलएस ३/५ए या स्टुडिओतल्या छोट्या मॉनिटर स्पीकरमधला केईएफ कंपनीचा बी ११० वूफर (खालच्या सुरांचा स्पीकर) त्याच जातीचा. पुढे तिथल्याच डडली हारवुड यांनी पॉलिप्रॉपिलीनचा कोन आणला आणि १९७७ मध्ये हार्बेथ ही स्पीकर कंपनी सुरू केली. ते प्लास्टिक कंप आतल्या आत जिरवतं, म्हणून वेगळ्या लेपाची गरज उरली नाही.

कोनला हात लावायचाच नसेल तर तारेत एक सापळा, म्हणजे तेवढाच सूर दाबणारी जोडणी, घालता येतो: ०.५ मिलिहेन्रीची कॉइल, ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ८ ओहमचा रेझिस्टर, तिन्ही एकमेकांना समांतर, आणि तो जुडगा स्पीकरच्या धन तारेत. हा साधारण ३२८० हर्ट्झला बसतो. आठ ओहमच्या स्पीकरला तिथे सहाएक डेसिबलची खोच पडेल. खोच थोडी रुंद असते, आजूबाजूचंही काही जाईल. रेझिस्टर ४.७ ओहमचा घेतला तर खोच उथळ होईल.

पेठेतला श्रोता, पुणे

दहा दिवसांनी लिहितोय, उशिराबद्दल क्षमा. पाऊस होता, वाळायला वेळ दिला.

स्पीकर उशीवर ठेवून वाजवला, किंकाळी तशीच. डबा सुटला. काकांचा अंदाज बरोबर निघाला, व्हिझरच्या कडेला ब्रश टेकला की सूर एकदम बसत होता. डस्ट कॅपला टेकून काहीच फरक नाही. मोठ्या कोनावर बाहेरच्या बाजूला किंचित.

डाव्या स्पीकरमध्ये फेल्टचे तीन तुकडे घातले. फोन दोरीने मोजून त्याच जागी ठेवला आणि मीटर पाहिला. ३३०० चं शिखर साधारण तीन डेसिबलनी उतरलं. दोन दिवस तसंच ऐकलं. पेटी सुधारली, आत्याच्या आवाजातली चीर थोडी उरली होती. मग एक हात दिला, व्हिझरच्या कडेला, एकास दोन. हात थरथरत होता म्हणून बायकोने टॉर्च धरला आणि मी श्वास रोखून पट्टी फिरवली. ३६ तासांनी मोजलं, आणखी दोन उतरले. पोस्टकार्डावरचा लेप काट्यावर ०.०६ ग्रॅम भरला.

मग तीच बैठक मोनोमध्ये, एकदा डाव्यावर, एकदा उजव्यावर. उजव्यावर तार षड्ज अजून चिरतो. डाव्यावर तो गोल येतो, आणि एक गोष्ट अनपेक्षित झाली: सुराच्या मागे आत्या श्वास घेते तो ऐकू यायला लागला. आधी तो त्या पितळी कडेत बुडत होता. ‘स’ आणि ‘श’ जागेवर आहेत, ते मुद्दाम तपासले.

एक प्रश्न राहिला. मोठ्या कोनाच्या कडेला जो किंचित फरक पडत होता, तिथेही एक हात द्यावा का?

कोनवाला, मिरज

नका देऊ. श्वास ऐकू येतोय ना, तिथेच थांबा. उजव्याला तेवढंच करा: तेच तीन तुकडे, तोच एक हात. फेव्हिकॉलचं तेच मिश्रण उरलं असेल तर ते वापरू नका, ताजं करा, दहा दिवसांत ते दाटतं. आणि पाऊस ओसरल्यावर दोन्ही पुन्हा मोजा. कागद दमट हवेत मऊ असतो, कोरड्या हवेत शिखर थोडं सरकेल. किती सरकलं ते इथे लिहा, मला हवंय.