गणपतीत सोसायटीच्या पटांगणात सिनेमा: ‘अशी ही बनवाबनवी’ लावावा की ‘बॉर्डर’?

प्रश्न (मंडळ_कार्यकर्ता):
गणपतीतला एक शनिवार सिनेमासाठी ठेवलाय. कमिटी दोन नावांवर अडली आहे: विनोदी ‘अशी ही बनवाबनवी’ की युद्धपट ‘बॉर्डर’. पटांगण ६० फूट बाय ४० फूट, तिन्ही बाजूंना इमारती. दीडशे माणसं येतील, त्यात चिल्लीपिल्ली आणि आजी-आजोबा बरेच. प्रोजेक्टर ३२०० ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप), पडदा १२ फूट रुंद (१६:९), पडद्याशेजारी दोन १२ इंची स्पीकर. आरती साडेसातला संपते. कोणता जास्त चांगला हा वाद नको, इथे कोणता नीट दिसेल आणि ऐकू येईल ते सांगा.

घड्याळ_आधी:
आधी वेळ बघा. लाउडस्पीकरला रात्री १० ची मर्यादा आहे. सणातल्या ठरावीक दिवशी ती १२ पर्यंत वाढवतात, पण तुमचा शनिवार त्यात आहे का ते जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशात वाचून घ्या. शाळा, रुग्णालय, न्यायालय यांच्यापासून १०० मीटरच्या आत असाल तर शांतता क्षेत्र लागू शकतं, तिथे ही सवलत नसते.
‘बॉर्डर’ जवळपास तीन तासांचा आहे. पावणेआठला लावलात तर मध्यंतराशिवायही पावणेअकरा वाजतात, आणि लोंगेवाला या सीमेवरच्या ठाण्याची लढाई उत्तरार्धात आहे. म्हणजे ज्यासाठी बसायचं, नेमकं तेच १० नंतर. ‘बनवाबनवी’ला अडीच तास धरा. आरती सातला संपवून सव्वासातला सुरू केलात, तर दहा मिनिटांचं मध्यंतर घेऊनही दहाच्या आत आटोपतो. सप्टेंबरात सव्वासातला बऱ्यापैकी अंधार असतो.

पडदेवाला:
चित्राचं सांगतो. ल्युमेनला पडद्याच्या चौरस फुटांनी भागा: १२ × ६.७५ = ८१, म्हणजे सुमारे ४० फूट-लँबर्ट (पडद्यावरच्या उजळपणाचं माप). थिएटरमध्ये साधारण १६ असतात, त्यामुळे आकडा भरपूर वाटतो. पण थिएटरात काळोख असतो. पटांगणात रस्त्याचा दिवा, जिन्यातल्या ट्यूबा आणि मांडवाच्या माळा पडद्यावर सांडतात आणि काळा रंग राखाडी होतो. घरात, उजेडात घडणाऱ्या विनोदी सिनेमाला याने फारसा फरक पडत नाही. ‘बॉर्डर’मधली मुख्य लढाई रात्रीची आहे. पहाटे हवाई दलाची हंटर विमानं येईपर्यंत बराच वेळ अंधारातच चालते. तिथे कोण कुठे आहे तेच कळेनासं होतं. शिवाय तो स्कोपमध्ये, म्हणजे जास्त रुंद आणि कमी उंच चौकटीत आहे: १२ फूट रुंदीवर चित्राची उंची पाच फुटांच्या थोडी वर, आणि जवळपास पाव उजेड वरच्या-खालच्या काळ्या पट्ट्यांवर वाया.
काहीही लावलंत तरी इको मोड (वीज वाचवायला उजेड कमी करणारा) बंद ठेवा, पडद्यासमोरचे दिवे मालवा, आणि प्रोजेक्टरवर प्लॅस्टिक गुंडाळू नका. हवेची वाट बंद झाली की तो तापून मध्येच बंद पडतो. पावसासाठी वर ताडपत्रीचं छप्पर करा, चारही बाजू मोकळ्या ठेवा. जोडणी ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमधूनच (गळती झाल्यावर वीज तोडणारा स्विच) घ्या.

आवाजाचं_काम:
माझं मत ‘बनवाबनवी’ला, पण तो आपोआप नीट ऐकू येईल असं समजू नका. युद्धपटात कुजबुज आणि स्फोट यांत प्रचंड अंतर असतं. संवाद ऐकू येत नाही म्हणून कुणीतरी आवाज वाढवतं, पुढच्याच क्षणी तोफ उडते, अँप्लिफायर क्लिप होतो (आवाज फाटतो) आणि स्पीकरमधला ट्विटर, म्हणजे बारीक आवाजाचा भाग, जळतो. वर तक्रार येते ती वेगळीच. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आहे.
विनोदात अडचण निराळी. हशा आणि भिंतींचा प्रतिध्वनी मिळून पुढचं वाक्य गिळतात. म्हणून पुढचे दोन स्पीकर मोठ्याने वाजवण्यापेक्षा पटांगणाच्या मध्यावर दोन छोटे लावा, तोंड खाली माणसांकडे झुकवून. पुढचा आणि मधला आवाज एकदम पोचावा म्हणून त्यांना फुटामागे ०.९ मिलिसेकंद डिले (उशीर) द्या, ३० फुटांवर असतील तर २७. १२० हर्ट्झखालचा घुमणारा भाग कापा, संवाद स्पष्ट व्हावेत म्हणून अडीच हजार हर्ट्झच्या आसपास दोन-तीन डेसिबल उचला. प्लेअरचा ऑडिओ स्टिरिओवर (दोन चॅनल) ठेवा. नाहीतर ५.१ (सहा चॅनलच्या आवाजा) मधला संवादांचा मधला चॅनल हरवतो, गाणी दणदणीत आणि संवाद तळघरातून आल्यासारखे.
‘धनंजय माने इथेच राहतात का?’ असं विचारणारा दारात उभा राहतो, तेव्हा अर्धं पटांगण त्याच्याआधी बोलतं. तिथे आवाज वाढवू नका, लोकांना बोलू द्या.

परवानगी_घ्या:
ओटीटीचं सदस्यत्व घरी बघण्यापुरतं असतं. सार्वजनिक खेळासाठी हक्कधारकाची लेखी परवानगी लागते, तिकीट नसलं तरी. निदान महिनाभर आधी पत्र पाठवा, जुन्या सिनेमाचे हक्क हात बदललेले असतात. शिवाय अ‍ॅपवरून जुन्या प्रोजेक्टरला जोडलंत तर आवाज येऊन चित्र काळं राहू शकतं, कारण एचडीसीपी (नक्कल रोखणारी व्यवस्था) जुळत नाही. मिळालेली प्रत १२ फुटांवर आदल्या रात्री लावून बघाच. १९८८ चा सिनेमा आहे, खराब प्रत मोबाइलवर खपते, पडद्यावर चेहरे पुसट होतात.

लोंगेवाला:
यंदाच्या शनिवारी ‘बनवाबनवी’च लावा, पण ‘बॉर्डर’ रद्द करू नका. एक कंपनी, सुमारे १२० जवान, समोरून रणगाडे येताना रात्रभर ठाणं धरून बसतात. हे खुर्च्या सरकवत, वडापाव खात बघायचं नाही. १६ डिसेंबर हा विजय दिवस आहे, १९७१ च्या युद्धाचाच. तेव्हा पाऊस नसतो आणि सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. पावणेसातला सुरू केलात तर पावणेदहाला संपतो. क्लबहाउस असेल तर आत लावा, खिडक्यांना काळं कापड लावा आणि प्लेअरमध्ये नाइट मोड असेल तर तो चालू करा, स्फोट आवरतात. लढाईत रक्त आणि मरण समोर दिसतं, म्हणून सूचनाफलकावर लहान मुलांसाठी नाही असं आधीच लिहा.

मंडळ_कार्यकर्ता:
ठरलं. आरती सातला संपवतोय, मधल्या स्पीकरची जोडी भाड्याने सांगितली. जिन्यातल्या ट्यूबा पूर्ण बंद केल्या तर आजी-आजोबांना पायऱ्या दिसणार नाहीत, त्याला काय करावं?

पडदेवाला:
पायऱ्यांच्या कडेला, घोट्याच्या उंचीवर एलईडी पट्टी लावा, वरून पुठ्ठ्याची आडोशी पट्टी. उजेड खाली पडतो, पडद्याकडे जात नाही.