घरी हलणारा सिम्युलेटर बनवायचा आहे : वायपर मोटर की सर्वो?

उद्यमनगर

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप चालवतो. पाइप, अँगल, लेथ, वेल्डिंग ही रोजची कामं आहेत. इलेक्ट्रॉनिक्स मात्र आर्डुइनोवर (प्रोग्रॅम टाकता येणारा छोटा बोर्ड) दिवा लुकलुकवण्यापर्यंतच येतं.

धाकटा भाऊ कार्टिंग करतो. ट्रॅकवरचा दिवस टायर, पेट्रोल आणि भाडं धरून महाग पडतो, म्हणून मधल्या काळात घरी असेटो कोर्सा या कॉम्प्युटरवरच्या रेसिंग गेमवर सराव चालतो. स्टिअरिंग चांगलं आहे, पेडल लोडसेलचे, म्हणजे पायाचा दाब मोजणारे, आहेत. पण तो म्हणतो, ‘दादा, गाडीची शेपटी सुटली हे स्क्रीनवर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. खऱ्या कार्टमध्ये ते आधी कमरेला कळतं.’ त्याच्या कमरेला ते कळेल असं काहीतरी मला करून द्यायचं आहे.

बजेट ४० हजार, लोखंड माझं. भावाचं वजन ६४ किलो. खोली पहिल्या मजल्यावर, खालच्या खोलीत आई-बाबा झोपतात. दोन वायपर मोटरींवर सीट पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे झुकवणारा प्रकार पाहिला. चार कोपऱ्यांना बॉलस्क्रू-सर्वोचे पाय लावलेलाही पाहिला, म्हणजे जागा धरून चालणारी सर्वो मोटर गोळ्यांच्या नटाचा स्क्रू फिरवते आणि पाय वर-खाली होतो. कुठल्या वाटेने जाऊ?

नाशिकचा अभियंता

लोखंड घरचं आहे तर थेट सहा पायांचा स्ट्युअर्ट प्लॅटफॉर्म करा. गॉफ यांनी १९५४च्या सुमारास डनलॉपमध्ये टायर तपासायला असं सहा पायांचं यंत्र केलं होतं आणि स्ट्युअर्ट यांचा निबंध १९६५चा, म्हणजे सगळं गणित उघड उपलब्ध आहे. मोठ्या विमानांचे सिम्युलेटर याच तत्त्वावर चालतात. सहाही हालचाली (तीन सरकण्याच्या, तीन फिरण्याच्या) एकाच यंत्रात मिळतात, मग अर्धवट का करायचं?

स्पिंडल

मी भोसरीत सीएनसी मशिनच्या मेंटेनन्सला आहे. बॉलस्क्रू आणि सर्वो रोज हाताखालून जातात, आणि घरी स्वतःचा सिम्युलेटरही आहे.

अभियंता साहेब, सहा पाय सुंदर आहेत, पण ते एकमेकांत गुंतलेले असतात. साधं वर जायचं तरी सहाही मोटरींना एका तालात चालावं लागतं आणि एक अडकली की माणसासकट सगळा सांगाडा पिळवटतो. पहिल्याच कामाला, तेही पहिल्या मजल्यावर, हे नको.

उद्यमनगर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या भावाने दिलेलंच आहे. त्याला हवी आहे ती शेपटी सुटल्याची जाणीव. म्हणजे गाडी उभ्या अक्षाभोवती फिरते आणि मागची बाजू आडवी सरकते. वायपर मोटरींची सीट झुकते, फिरत नाही. ब्रेक मारल्यावर पुढे, वळणावर बाजूला, एवढंच ती सांगते. चार पायांचा प्रकारसुद्धा उचलतो आणि झुकवतो, मागचं टोक आडवं नेत नाही. दोन्हींवर पैसे घालून भावाची तक्रार तशीच राहील.

म्हणून एकच अक्ष करा, पण तो करा. सीट, पेडल, स्टिअरिंग सगळं एका फ्रेमवर घ्या. फ्रेम पुढे, पायांच्याही पुढे, एका उभ्या खिळीवर टेका आणि मागून चाकांवर ठेवा. एक सर्वो मागचं टोक डावी-उजवीकडे ढकलेल. याला सिमवाले ट्रॅक्शन लॉस म्हणतात. मोठा फायदा असा की वजन चाकांवर बसतं, मोटरीला ते उचलायचं नसतं. वीज गेली तरी काही खाली कोसळत नाही, आहे तिथे थांबतं.

मोटरीचं गणित. खिळीपासून बॉलस्क्रू जोडायची जागा १.३ मीटर धरा. मध्यापासून दोन्हीकडे १०० मिमी सरकलं की साधारण साडेचार अंश होतात, कमरेला कळायला तेवढे भरपूर. मागच्या टोकाला जाणवणारं वस्तुमान ६० किलोच्या आसपास धरलं आणि तिथे ३ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरण हवं असेल, तर जोर लागतो १८० न्यूटन, म्हणजे १८ किलो. वायपर मोटरीला एवढ्या हालचालीसाठी १०० मिमीचा क्रँक लावावा लागेल आणि मग १८ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) सतत मागाल. ती थकेल. ७५० वॉटचा एसी सर्वो ३००० आरपीएमला २.४ न्यूटन-मीटर देतो. त्याला १६१० बॉलस्क्रू लावा, म्हणजे १६ मिमी व्यास आणि एका फेऱ्याला १० मिमी. वेग सेकंदाला अर्धा मीटर मिळतो आणि जोर १३० किलोच्या घरात. हा जोर गरजेपेक्षा फार जास्त आहे, म्हणून ड्राइव्हमध्ये (सर्वोला चालवणारा कंट्रोलर) टॉर्कची मर्यादा ३० टक्क्यांवर बांधा. हे सेटिंग पहिलं करायचं, फ्रेमवर कुणी बसण्याआधी.

इलेक्ट्रॉनिक्सची धास्तीही इथे कमी होते. वायपरसारख्या डीसी मोटरीला जागा कळायला पॉट (फिरवल्यावर रोध बदलणारा भाग) लावावा लागतो, तो झिजतो, त्याची वायर सुटली की मोटर एका टोकाला धावते. सर्वोचा एन्कोडर (जागा मोजणारा सेन्सर) मोटरीतच असतो आणि जागा धरून ठेवायचं काम ड्राइव्ह करतो. आर्डुइनोने फक्त पल्स आणि दिशा द्यायची.

आता ज्या दोन गोष्टी ड्रॉइंगवर दिसत नाहीत आणि मशिनवर सगळ्यात जास्त त्रास देतात त्या सांगतो.

पहिली, चाकं. बाजारात मिळणारी गरगर फिरणारी कॅस्टर लावू नका. दिशा बदलली की ती आधी स्वतः उलटी फिरतात, तेवढ्यात फ्रेम उडी मारते आणि भावाला गाडी सुटल्यासारखं भलत्याच वेळी वाटतं. दिशा न बदलणारी, पॉलियुरेथेनची चाकं घ्या आणि प्रत्येकाचा अ‍ॅक्सल बरोबर पुढच्या खिळीच्या मध्याकडे रोखून वेल्ड करा. खिळीपासून दोरा ताणून खूण घ्या.

दुसरी, बॉलस्क्रूची बांधणी. फ्रेमचं मागचं टोक सरळ जात नाही, कमानीत जातं. १.३ मीटरच्या त्रिज्येवर १०० मिमी गेलं की कमान जवळजवळ ४ मिमी आत वळते. स्क्रू दोन्हीकडे घट्ट आवळला तर हे ४ मिमी त्याच्याच जिवावर जातात. नट गरम होतो, खरखर येते, गोळ्या खराब होतात. नटाच्या टोकाला रॉड-एंड बेअरिंग (थोडं तिरकं होऊ देणारा सांधा) द्या आणि मोटरीचं ब्रॅकेटही एका पिनवर डोलू द्या.

खिळीसाठी भंगारातून मारुती ८००चा मागचा हब आणा. ती गाडी पुढच्या चाकांवर चालते, त्यामुळे मागचा हब मोकळा फिरणारा असतो, बेअरिंगसकट मिळतो आणि आडवा बोल्ट केला की झालं. तुमच्याकडे लेथ आहे, तुम्हाला हे अर्ध्या दिवसाचं काम.

कानगोष्टी

मी कान-नाक-घसा तज्ज्ञ आहे, मुलाच्या सिम्युलेटरमुळे या विषयात रस. स्पिंडल यांच्या म्हणण्याला शरीराच्या बाजूने दुजोरा देते.

आतल्या कानात तोलाच्या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोकं फिरायला लागल्याची खबर देतात. दुसरीत बारीक खड्यांचा थर असतो, तो सरळ रेषेतलं त्वरण आणि गुरुत्व ओळखतो, पण या दोहोंतला फरक त्याला एकट्याला सांगता येत नाही. सीट हळूच झुकवून ‘गाडीने वेग घेतला’ असं भासवतात ते याच्याच जोरावर. पण ५ अंश झुकवून जेमतेम ०.०९ जी (गुरुत्वाच्या ९ टक्के) मिळतो, कार्टच्या वळणात त्याच्या कितीतरी पट असतो. फिरण्याची सुरुवात मात्र नलिका लगेच पकडतात, म्हणून शेपटी सुटण्यासाठी हा अक्ष योग्यच आहे.

एक लक्षात ठेवा. बाजूला गेलेली फ्रेम मध्यावर परत आणायला हवी, नाहीतर पुढच्या घसरणीला जागा उरत नाही. ती इतकी सावकाश आणा की नलिकांना कळू नये. सेकंदाला साधारण २ अंशांच्या आत राहिलं तर बहुतेकांना जाणवत नाही. आणि भावाला तोंडाला पाणी सुटलं, कपाळावर थंड घाम आला, तर त्याच क्षणी थांबा. नेट लावून खेळलं तर मळमळ तासन्तास राहते आणि पुढच्या वेळी लवकर येते.

उद्यमनगर

स्पिंडलदादा, डॉक्टरताई, मनापासून आभार. झुकणं आणि फिरणं यातला फरक भावाला वाचून दाखवला, तो लगेच म्हणाला, ‘हेच! हेच सांगत होतो.’ एकच अक्ष करायचा, ठरलं.

आता दोन शंका. स्लॅबवर आवाजाचं काय? आणि आणीबाणीचं बटण नेमकं काय तोडतं? आमच्या घरात पाच वर्षांची पुतणी आहे, ती कुठूनही मागे येऊन उभी राहते.

स्पिंडल

पुतणी आहे हे सांगितलंत ते बरं केलंत, त्यावरून काही गोष्टी बदलतात.

मागच्या टोकाचा सगळा पट्टा, २०० मिमीची हालचाल आणि दोन्हीकडे हातभर जास्त, पत्रा आणि जाळीने बंद करा. नुसती दोरी बांधून चालणार नाही. टॉर्क ३० टक्क्यांवर असला तरी ४० किलोचा जोर आहे, लहान बोटाला तो फार आहे. जाळीच्या दाराला लिमिट स्विच लावा. दार उघडलं की ड्राइव्ह बंद.

लाल बटण दोन ठिकाणी हवं, एक भावाच्या हाताशी, एक दारापाशी. ते कॉम्प्युटरला किंवा आर्डुइनोला जोडू नका, प्रोग्रॅम अडकला की त्याचा उपयोग नाही. बटण कॉन्टॅक्टरच्या (कॉइलवर चालणारा मोठा स्विच) कॉइलमध्ये सिरीजमध्ये घ्या आणि कॉन्टॅक्टर ड्राइव्हचा २३० व्होल्ट तोडेल असा ठेवा. वीज परत आली तर आपोआप सुरू होऊ नये, हिरवं बटण दाबावंच लागेल अशी होल्डिंगची जोडणी करा. उद्यमनगरातला कुठलाही वायरमन लेथचा स्टार्टर जोडतो, तीच जोडणी. मोटरीची बॉडी आणि फ्रेम दोन्ही अर्थ करा.

हालचालीच्या दोन्ही टोकांना लिमिट स्विच आणि त्यांच्या पलीकडे रबराचे बफर. पुढचं सगळं फसलं तरी बफर उरतात.

आवाजाबद्दल. चार पायांचे प्रकार स्लॅबवर वरून खाली धक्के देतात, खाली झोपलेल्यांना तेच छळतं. तुमची हालचाल आडवी आहे, निम्मा प्रश्न तिथेच सुटला. चाकांखाली ६ मिमीची प्लेट, प्लेटखाली पिठाच्या गिरणीला घालतात ते जाड रबर पॅड. चाकं प्लेटवर चालू देत, फरशीवर नको.

डॉक्टरांच्या २ अंशांचं तुमच्या मापात रूपांतर करून देतो : १.३ मीटरवर ते सेकंदाला ४५ मिमी होतात. परतीचा वेग ४० ठेवा, जाताना मात्र पूर्ण मोकळा सोडा. आणि सुरुवातीला १०० मिमीऐवजी ३० मिमीवरच चालवा, भाऊ स्वतः ‘अजून दे’ म्हणेपर्यंत.

चाकं टॅक (तात्पुरते वेल्डिंगचे ठिपके) करून झाली की पक्कं वेल्डिंग करायच्या आधी वरून काढलेला फोटो इथे टाका, दोऱ्यासकट. अ‍ॅक्सलची दिशा मी बघून सांगतो.