पंपाच्या वाइंडिंगचा (मोटारीतील तारेच्या गुंडाळीचा) रोध ३ ओहम, मग प्रवाह ७७ अँपिअर का नाही?

कुळागर_वाळपई
आमच्या घरी पाणी तापवण्याचा १५०० वॅटचा रॉड आणि कुळागराला (माडा-पोफळीच्या बागेला) पाणी देणारा एक अश्वशक्तीचा सिंगल फेज पंप आहे. संध्याकाळी विजेचा दाब (व्होल्टेज) उतरलेला असताना रॉडवर १९८ व्होल्ट आणि ५.६ अँपिअर मोजले. भागाकाराने रोध ३५.४ ओहम आणि गुणाकाराने शक्ती ११०९ वॅट आली, आणि प्लग काढून मोजलेला रोधही जवळपास तेवढाच भरला. पंप सकाळी २३० व्होल्टवर ६.५ अँपिअर घेतो, म्हणजे भागाकार पुन्हा ३५.४ येतो, परंतु मल्टिमीटर जेमतेम ३ ओहम दाखवतो, आणि २३० ला ३ ने भागले तर प्रवाह ७७ अँपिअर यायला हवा. शिवाय गुणाकार १४९५ होतो, तर अश्वशक्ती ७४६ वॅटचीच असते. कोणता आकडा खरा मानावा?

तारतंत्री_फोंडा
तिन्ही आकडे खरे आहेत, फक्त ते वेगवेगळ्या राशींचे आहेत. रॉडमध्ये निव्वळ रोधच असल्यामुळे ओहमचा नियम तेथे सरळ लागू पडतो, आणि दाब घटला की शक्ती त्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. १५०० वॅटचा रॉड १९८ व्होल्टवर ११०० च्या आसपास येतो तो याचमुळे. मल्टिमीटर आपल्या बॅटरीचा एकदिश प्रवाह तारेतून पाठवून मोजतो, म्हणून त्याला केवळ तांब्याच्या तारेचा रोध दिसतो. पंप फिरू लागल्यावर मात्र बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वाइंडिंगमध्येच उलटा दाब निर्माण होतो आणि तोच प्रवाहाला आवरतो. सुरू होताना, चक्र फिरायच्या आधी, हा अडसर कमी असतो. त्या क्षणी दिवे मिणमिणतात ते त्यामुळेच. तुमचे ३५.४ ओहम हा पंपाचा रोध नसून इंपीडन्स, म्हणजे उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहाला होणारा एकूण अडथळा, आहे, आणि १४९५ ला वॅट न म्हणता व्होल्ट-अँपिअर म्हणावे. वॅट हवे असतील तर त्याला पॉवर फॅक्टरने, म्हणजे व्होल्ट-अँपिअरपैकी खरी शक्ती किती हे सांगणाऱ्या प्रमाणाने, गुणावे लागते.

निवृत्त_शिक्षक_डिचोली
पॉवर फॅक्टर घरच्या मीटरवरूनही काढता येतो, कारण मीटर खरी शक्तीच नोंदवतो. घरातील बाकी सर्व उपकरणे बंद करून फक्त पंप चालवा आणि मिनिटभर लाल दिव्याची उघडझाप मोजा. मीटरवर एका युनिटला ३२०० स्पंद असे लिहिलेले असेल, तर एक स्पंद ११२५ जूलचा. प्रवाह मोजताना क्लॅम्प मीटर (तारेभोवती चिमटा अडकवून प्रवाह मोजणारे यंत्र) प्लगच्या संपूर्ण केबलभोवती अडकवू नये. जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकांना मारतात आणि काटा शून्यावर राहतो.

कुळागर_वाळपई
मीटर ३२०० चाच आहे आणि मिनिटाला ६० स्पंद आले. म्हणजे ११२५ वॅट, आणि पॉवर फॅक्टर ०.७५. संध्याकाळी दाब कमी असतो, तेव्हा रॉडप्रमाणे पंपही कमी वीज घेईल ना?

तारतंत्री_फोंडा
पॉवर फॅक्टर बरोबर आहे. उरलेला फरक मोटारीच्या कार्यक्षमतेचा: ११२५ वॅट आत आणि पूर्ण भाराला ७४६ वॅट शाफ्टवर, म्हणजे सुमारे ६६ टक्के, जी या आकाराच्या मोटारीला शोभणारी आहे. दाबाबाबत मात्र रॉडचा हिशेब पंपाला लावू नका. पाणी उचलायचे काम तेवढेच राहते, त्यामुळे भारावरची मोटार कमी दाबावर बहुधा जास्त प्रवाह ओढते आणि वाइंडिंगमधील उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. १९८ व्होल्टवर क्लॅम्प मीटर लावून पाहा, आणि मोटारीच्या पाटीवर लिहिलेल्या प्रवाहापेक्षा आकडा वर गेला तर पाणी सकाळीच सोडावे.