गांडुळांमुळे म्हणे ग्लोबल वॉर्मिंग वाढतं, सोसायटीचा पिट बुजवायचा का?

घोडबंदर_गच्ची: नमस्कार मंडळी, ठाण्यात आमच्या सोसायटीच्या मागच्या गेटजवळ गांडूळ खताचा पिट आहे, तीन वर्षं मी आणि दोन काकू मिळून सांभाळतोय, आता कमिटीतल्या एकाने ग्रुपवर फॉरवर्ड टाकला की गांडुळांमुळे ग्रीनहाऊस गॅस ४२ टक्के वाढतो आणि झालं, पिट बुजवून तिथे बाइक पार्किंग करायचा विषय रविवारच्या मीटिंगला आलाय. शाळेत तर गांडूळ शेतकऱ्याचा मित्र म्हणून घोकलं होतं ना आपण? खरंय का फेकाफेकी?

खारघरची_माती: आकडा खरा आहे दादा, पण अर्धवट. २०१३ ला नेचर क्लायमेट चेंज या सायन्स जर्नलमध्ये पेपर आला होता, ५७ अभ्यासांचे आकडे एकत्र करून काढलेला, गांडुळं असलेल्या मातीतून नायट्रस ऑक्साइड ४२ टक्के आणि कार्बन डायऑक्साइड ३३ टक्के जास्त. गांडूळ स्वतः काही करत नाही हां, मातीबरोबर गिळलेले बॅक्टेरिया त्याच्या पोटात जातात, तिथे ओल आणि खाणं भरपूर पण ऑक्सिजन जवळपास नाहीच, मग ते ऑक्सिजनच्या जागी नायट्रेटवर भागवतात आणि त्यातून नायट्रस ऑक्साइड सुटतो. हाच तो लाफिंग गॅस, पण हसण्यावारी नेऊ नका, १०० वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. मात्र हे सगळं मातीचं मोजमाप, तेही बरंचसं लॅबमधलं, तुमच्या भाजीच्या देठांच्या पिटाचं नाही. आणि त्याच वर्षी नेचर कम्युनिकेशन्समध्ये दुसरा पेपर होता की गांडुळं कार्बन बाहेर सोडतात त्यापेक्षा जास्त मातीत टिकाऊ करून ठेवतात. तो कोणी फॉरवर्ड करत नाही.

वाशी_सेक्टरवाला: मीटिंगमध्ये एकच विचारा, पिट बुजवल्यावर ओला कचरा जाणार कुठे? डंपिंगवर ढिगाखाली दाबला गेला की हवा लागत नाही आणि मिथेन होतो, तो कार्बन डायऑक्साइडच्या २७-२८ पट तापवतो. गांडुळांचा हिशोब काढायचाय ना, मग या ढिगाचा पण काढा. बाकी पिट नीट नसेल तर गॅस होणारच, गोणपाट उचलून वास घ्या, पावसानंतरच्या मातीसारखा आला तर ठीक, नाकात झोंबला किंवा सडका आला तर पाणी जास्त आणि पालापाचोळा कमी. मूठभर माल घट्ट पिळायचा, एखाद-दोन थेंब पडले तर बरोबर, धार लागली तर गडबड.

ऐरोली_खाडीकाठ: थोडं विषयांतर, पण फक्त गांडुळालाच का धरलंय? वाळवीच्या पोटात पण मिथेन होतो, मात्र ऑस्ट्रेलियात मोजलं तर त्यातला साधारण निम्मा वारुळातले आणि खालच्या मातीतले बॅक्टेरियाच खाऊन टाकतात. आपल्या खाडीत ओहोटीला बघा, तिवरांच्या मुळाशी खेकड्यांची बिळंच बिळं, त्यातून चिखलात हवा शिरते आणि मिथेन होणं कमी होतं, पण कार्बन डायऑक्साइड जास्त निघू शकतो. एकाच प्राण्याचं दोन्हीकडे खातं.

घोडबंदर_गच्ची: आत्ता जाऊन आलो, बरं झालं विचारलं. गोणपाट उचललं तर खाली नुसता काळा चिखल आणि गांडुळं भिंतीला चढून बसलेली, वरचा पत्रा गळतोय, मे महिन्यात लिहून दिलं होतं कमिटीला, तेव्हा बजेट नव्हतं आणि आता पेव्हर ब्लॉकला आहे! काकूंनी वरून ताडपत्री टाकलीय, मी कुरिअरचे खोके फाडून घालतोय. चकचकीत छपाईचा पुठ्ठा चालतो का?

वाशी_सेक्टरवाला: नको, साधा तपकिरीच घाला, सेलोटेप काढून. आणि आठवडाभर पाणी मारू नका, फक्त वरवर हलवा.