डबा गरम केला, पण मॉडेलचं काय?

थंडीत प्लास्टिकचं मॉडेल रंगवायचं तर स्प्रे रंगाचा डबा आधी कोमट पाण्यात ठेवा, असा सल्ला दिला जातो. तो बरोबर आहे, पण अर्धाच. ८-१० अंशांच्या गॅरेजमध्ये डब्यातला दाब उतरतो आणि रंगही घट्ट होतो. मग थेंब मोठे पडतात आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा येतो. तामिया या जपानी मॉडेल कंपनीच्या टीएस या स्प्रे रंगांच्या मालिकेतला १०० मिलीचा डबा ३५-४० अंशांच्या पाण्यात (हाताला सुखद वाटेल इतपतच) ५-१० मिनिटं ठेवा, पुसून घ्या, मिनिटभर नीट हलवा. उकळतं पाणी, शेगडी, हीट गन अजिबात नको. डबा फुटू शकतो. फवारताना डबा पुन्हा गार होतो, म्हणून रंगाचा एक हात (थर) दिल्यावर पुढच्या हाताआधी तो परत पाण्यात ठेवावा.

खरी गोची प्लास्टिकची असते. थंड मॉडेल उबदार, दमट खोलीत आणून लगेच रंगवलं तर त्यावर बाष्प धरतं. लॅकर (डब्यातला लवकर वाळणारा रंग) वाळताना त्यातलं द्रावक उडून पृष्ठभाग आणखी थंड करतं, ओल रंगात अडकते आणि पांढुरकी झाक येते. म्हणून मॉडेल आदल्या रात्रीच घरात आणून ठेवा. गॅरेजमध्ये फक्त फवारायचं, २०-२५ सेंटीमीटरवरून, पातळ हात देत. वास थोडा ओसरला की झाकणाच्या खोक्यात घालून घरात, हवा खेळत्या खोलीत वाळवायचं.

झाक आलीच तर घासू नका. कोरड्या हवेत रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रव्य) मिसळलेल्या लॅकर थिनरचा (लॅकर पातळ करणाऱ्या द्रावकाचा) अगदी हलका फवारा एअरब्रशने (हवेच्या दाबावर चालणाऱ्या छोट्या फवारणी-पेनाने) दिला की बहुतेकदा ती जाते.

आणि फवारताना हीटर बंदच हवा. डब्यातला वायू पेट घेतो.