मदत हवी आहे: सायझिंगच्या खळीचा दाटपणा मोजायला काय घ्यावं?

नमस्कार मंडळी,

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं छोटं सायझिंग आहे, म्हणजे विणण्याआधी ताण्याच्या सुताला खळ लावायचा कारखाना. टॉवेलवाल्यांचे बीम (ताणा गुंडाळलेले रूळ) करून देतो. खळ मक्याच्या स्टार्चची, वर थोडा बाइंडर आणि सॉफ्टनर. खळ झाली की नाही हे आजवर आमचे मास्तरच ठरवत आले. काठी कुकरमध्ये बुडवायची, वर काढून धार कुठे तुटते ते बघायचं, मग थेंबभर अंगठ्या-तर्जनीत चोळायचा. माणूस तरबेज आहे, पण दिवाळीनंतर गावी जाऊन राहणार म्हणतात. अंगठा काही इथं ठेवून जाणार नाहीत.

खळ तपासायला रिफ्रॅक्टोमीटर आहे. त्यावर प्रत्येक घाण्याला आकडा जवळपास सारखाच येतो. तरी एका बीमवर लूमवाला खूश आणि दुसऱ्यावर ‘सूत तुटतंय, खळ बसलीच नाही’ म्हणून फोन. कधी उलटं, सूत काडीसारखं कडक आणि लूमखाली पांढरा भुगा.

एक विक्रेता डिजिटल व्हिस्कोमीटर (दाटपणा मोजायचं यंत्र) घ्याच म्हणून मागे लागलाय. किंमत ऐकून हातातला चहा गार झाला. दुसरा म्हणतो साध्या कपावर भागेल. कुणी खळीवर वापरलंय का? आणि रिफ्रॅक्टोमीटर असताना हे वेगळं कशाला लागतं?

– ताणाबाणा

रंगारी: शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण गोम तिथंच आहे. रिफ्रॅक्टोमीटर पाण्यात माल किती आहे ते सांगतो, खळ वाहते कशी ते नाही. तेवढाच स्टार्च, तेवढंच पाणी, पण जास्त वेळ उकळत-ढवळत ठेवलं की फुगलेले कण फुटतात आणि खळ पातळ पडते. रिफ्रॅक्टोमीटरला हा फरक कळत नाही, सुताला कळतो.

डिजिटल यंत्रात खळीत दांडा फिरतो आणि त्याला किती अडथळा होतो ते सेंटिपॉइजमध्ये (दाटपणाचं एकक) दिसतं. २० अंशाला पाणी साधारण १ सेंटिपॉइज. पण स्टार्चची खळ जितकी जोरात हलवाल तितकी पातळ वागते, त्यामुळे २० आरपीएमला (मिनिटाला २० फेरे) एक आकडा आणि ६० ला दुसरा. स्पिंडल (म्हणजे कोणता दांडा), आरपीएम, तापमान लिहिलं नसेल तर तो आकडा शोभेचाच. शिवाय बाटलीत नमुना घेऊन टेबलापर्यंत जाईतो खळ गार होऊन घट्ट व्हायला लागते. प्रयोगशाळेत उत्तम यंत्र, तुमच्या साईज बॉक्सजवळ (सूत बुडतं त्या खळीच्या टाकीजवळ) नाही.

झान कप घ्या. ४४ मिलीचा, लांब दांडीचा, तळाला छिद्र असलेला, थेट खळीत बुडवायचा आणि रिकामा व्हायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. नंबर २ चं छिद्र २.७ मिमी, नंबर ३ चं ३.८. ज्या कपात तुमची खळ २० ते ८० सेकंदांत बसेल तो तुमचा. पेंटवाले वापरतात तो स्टँडवरचा बी-४ कप नको, ओतता ओतताच खळ गार होते.

बाळीवेसकर: रंगारीकाकांशी सहमत. एक भर. कप बुडवून मिनिटभर खळीतच राहू द्या, धातू तापला पाहिजे. मग सरळ वर उचला, काठ बाहेर आला की घड्याळ सुरू, छिद्राखालची धार पहिल्यांदा तुटली की बंद. शेवटचे थेंब मोजत बसू नका. लगेच गरम पाण्यात धुवा, छिद्राशी साय धरली की पुढचं वाचन फुकट. आणि छिद्रात तार घालणाऱ्या पोराला आधीच दम द्या, ओरखडा पडला की कप गेला.

ताणाबाणा: दोघांचे आभार. म्हणजे कपाचे सेकंद सेंटिपॉइजमध्ये बदलायचा तक्ता मिळतो, तो लावायचा का?

रंगारी: खळीला नको. तो तक्ता तेलासारख्या, हलवलं तरी तेवढेच दाट राहणाऱ्या द्रवांचा. तुम्ही सेकंद आणि शेजारी तापमान, एवढंच लिहा. मास्तर जायच्या आत हे करा: ते अंगठा चोळून ‘झाली’ म्हणाले की लगेच कप बुडवा आणि सेकंद वहीत टाका. ग्राउंडचं (टॉवेलच्या पायाच्या ताण्याचं) वेगळं पान, पाइलचं (वरच्या फासांच्या ताण्याचं) वेगळं.

बाळीवेसकर: आणि जेवणाच्या सुट्टीत मशीन बंद असताना साईज बॉक्सची वाफ चालूच राहते का, ते आज बघाच. सुट्टीआधी आणि सुट्टीनंतर कप लावा. माझी शंका तिथंच आहे, तेवढा वेळ उकळत राहून खळ पातळ पडत असेल.

ताणाबाणा: चालूच असते ओ. तक्रारीचे बीम दुपारचेच आहेत का, वही काढून बघतो.