४० किमी एन्ड्युरन्स: घोडीची नाडी मोजायला काय घ्यावं? (बजेट ५ हजार)

माळरान_सातारा: नमस्कार मंडळी. सारंगखेड्याच्या यात्रेतून घेतलेली मारवाडी घोडी आहे, वय ८. लेक फेब्रुवारीत पहिल्यांदाच ४० किमीच्या एन्ड्युरन्सला, म्हणजे लांब पल्ल्याच्या शर्यतीला, उतरणार. व्हेट गेटवर (पशुवैद्य घोडा तपासतात तो थांबा) नाडी मिनिटाला ६४ च्या आत लागते म्हणे. सरावात मोजायला काय घेऊ? ५ हजारांच्या वर जमणार नाही.

टापा_आणि_धूळ: पट्ट्यावाला हार्ट रेट मॉनिटर घ्या, घड्याळासकट. मी २८ हजारांना मागवला. चढावर नाडी कुठवर जाते आणि सपाटीला किती लवकर उतरते, ते खोगिरावरूनच दिसतं. तीन वर्षांत माझा घोडा गेटवर एकदाही बाद झाला नाही.

जुना_नालबंद: ते ५ हजार म्हणतायत. स्टेथोस्कोप घ्या. डाव्या कोपराच्या मागे, तंग बसतो तिथे लावा. १५ सेकंद मोजून चारने गुणा. लब आणि डब मिळून एक ठोका. नवखी माणसं दोन धरतात आणि घाबरतात. आरामात उभ्या घोड्याची २८ ते ४४ असते.

पाणवठा: पट्टा मीही घेतला होता. खालचे केस सुकले की काहीही आकडे दाखवायचा, एकदा तर २२०. दुकानदाराने परत घेतला नाही, कपाटात पडून आहे. स्टेथोस्कोपच घ्या.

सोरठी: लांब पल्ल्याला काठेवाडीच घ्यायला हवी होती. माझी दोन्ही जनावरं काठेवाडी आहेत, दम बघाच एकदा.

जुना_नालबंद: घोडी घेऊन झालीय हो त्यांची.

गोठा_ते_तबेला: स्टेथोस्कोपला +१. मी पशुवैद्य आहे. गेटवर आमची एक चाचणी असते, ती घरी करा. नाडी मोजा, घोडी ४० मीटर दुडकीने नेऊन परत आणा, निघाल्यापासून बरोबर एक मिनिटाने पुन्हा मोजा. तेवढीच किंवा कमी भरली तर उत्तम. चारपेक्षा जास्त ठोके वाढले तर थकवा आहे किंवा कुठेतरी दुखतंय. हिरडी दाबून सोडा, दोन सेकंदांत रंग परत यायला हवा. कुशीला कान लावा. पोट गप्प असेल तर थांबा. लघवी कॉफीसारखी झाली तर घोडी जागची हलवू नका, डॉक्टर बोलवा. आणि मीठ! घोड्याच्या घामात रक्तापेक्षा जास्त क्षार जातात, म्हणून शरीर सुकलं तरी त्याला तहान लागत नाही. क्षार द्या, पण घोडी पाणी पीत असेल तरच.

टापा_आणि_धूळ: गेटवर आल्या आल्या गार पाणी ओता, नाडी झरझर उतरते.

सोरठी: तापल्या घोड्यावर गार पाणी? आमच्या आजोबांनी कधी ओतू दिलं नाही. स्नायू धरतात.

गोठा_ते_तबेला: नाही धरत. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये उकाड्यात घोडे गार पाण्यानेच थंड केले होते. ओतत राहा, घोडी चालती ठेवा.

सोरठी: आमच्याकडे नाही चालत.

स्टेथोस्कोपवाली: स्टेथोस्कोप घ्या. नाडी खाली येईपर्यंतचा वेळ धावण्याच्या वेळेतच धरतात, म्हणून रोज मोजून वहीत लिहा. आपली घोडी किती मिनिटांत उतरते ते पाठ हवं.

माळरान_सातारा: सगळ्यांचे आभार. वही आजच घातली. पण मी पट्टा घेतोय. पाणवठा यांना व्यनि (खासगी निरोप) केला होता, त्यांचा कपाटातला ७ हजारांना ठरला. स्टेथोस्कोप घोडीवरून उतरल्यावर कामाचा, आणि मला काळजी मधल्या वाटेची आहे. पुढे कोणी दिसलं की पोरगी घोडी आवरत नाही. निदान आकडा बघून तरी लगाम खेचेल.

पाणवठा: केस भिजवल्याशिवाय बांधू नका. स्पंज सोबत देतो.